लोरेंट्स साहेब दुसऱ्यांदा चित्रण करत नाहीत

दिघोरी

वीरेंद्रदादा,

तुझे लोरेंट्स साहेब शूटिंगसाठी आले आहेत. जर्मनीत त्यांचे मोठे नाव आहे. ते खोटे काही दाखवत नाहीत, आणि प्रत्येक प्रसंग एकदाच घेतात. आज बाबांना कॅमेऱ्यासमोर बुडी मारून तलावाची पाणी सोडायची जुनी मोरी उघडायची आहे. बाबांचा दमा तुला ठाऊक आहे.

काल मी त्यांना साहेबांचा जुना सिनेमा दाखवला. त्यातला म्हातारा कोळी बुडतो आणि वर येत नाही. बाबा हसले.

"अवं पोरी, पडदा पडला का मेलेला उठतेच. झाडीपट्टीच्या नाटकात मी किती खेपा मेलो!"

"बाबा, हा खराच मेला."

"खराच मेला असता, तं वीरेंद्रनं साहेबाले माह्याकडं पाठवलं असतं काय?"

सिनेमाच्या शेवटी इंग्रजीत त्या कोळ्याला श्रद्धांजली होती. खाली सहायक दिग्दर्शक म्हणून तुझे नाव होते. काय लिहिले आहे, असे बाबांनी विचारले. मी फक्त तुझे नाव वाचले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र पाठवत नाही. यात तुला नवे असे काही नाही. बाबा धुतलेले धोतर नेसून निघाले आहेत. मी दोर घेऊन त्यांच्यामागे जाते.

कामिनी