परसबागेसह घर, सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर पूर्ण, इस्पितळाच्या लाँड्रीतून मुकादम म्हणून निवृत्त, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला तारीख, वार आणि एकोणिसाचा पाढा विचारला. मी म्हणून दाखवला आणि मग तोच त्यांना विचारला, तेव्हा त्यांनी घाईने शिक्का मारला. कोणाचे दडपण नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे सगळे म्हणतात, पण इतके लोक तेच म्हणायला लागल्यावर माणसाने आपली व्यवस्था लावून ठेवलेली बरी.

कलम १. खाली दोन खोल्या, वर एक, मागे परसबाग आणि तिच्या तिन्ही बाजूंची भिंत, असे हे घर माझ्या पगारातून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमानांच्या घड्याळदुरुस्तीवर आमचे पोट चालले. घर मात्र माझ्या जादा पाळ्यांवर उभे राहिले. हे सर्व मी माझ्या सुनेला देते. ती दातांच्या कवळ्या बनवते. तिचा आणि माझ्या मुलाचा रीतसर घटस्फोट होऊन तीन वर्षे झाली, म्हणजे कायद्याने ती माझी कोणीच नाही. म्हणूनच हा कागद लागतो.

कलम २. हे असे का, हे मुलगा विचारणार. त्याला ऐकीव माहितीवर राहायला नको, म्हणून लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात सुनेने माझी गाजरांची अख्खी ओळ गवत समजून उपटली आणि वर हात झटकत मला दाखवायला आली. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर तीन वर्षे तिने परसात पाऊल टाकले नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा ती गच्चीवर जाई. घरात आम्ही गोड बोलत होतो, पण ते गोड पाहुण्यांशी बोलतात तसले.

मग मुलगा गेला. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरी. मला त्याने फोनवर सांगितले, तिला चिठ्ठीत. चार दिवसांनी सूनही निघाली. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून ती मावशीकडे निघाली होती. मी मागे फरसबीचे बी लावत होते. एका हातात बॅग घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येते आई."

मला उठायचे होते, पण गुडघा धरला होता. राहा म्हणायची माझी काय पत होती? मी बियांची वाटी पुढे केली आणि म्हटले, "ही एवढी ओळ लावून जा. मला वाकवत नाही."

तिने बॅग पायरीवर ठेवली. बोटाने एक पेर खोल भोक, त्यात दोन बिया, वर माती. मी सांगत गेले, ती लावत गेली. ओळ संपेपर्यंत मावशीच्या गावची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, पाणी घालायला हवे. आठवड्याने म्हटले, वर चढायला काठ्या रोवायला हव्यात. फरसबी संपली तेव्हा टोमॅटो आले होते. अशी ती सहा वर्षे राहिली. माझ्या आजारपणात उशाशी बसली, माझ्या दोन्ही कवळ्या तिने स्वतः घडवल्या, आणि आता ती गाजराचे रोप माझ्या आधी ओळखते.

कलम ३. बँकेतली शिल्लक, यजमानांची हत्यारपेटी, त्यातले भिंग आणि बारीक चिमटे मुलाला द्यावेत. त्याला लहानपणी त्या पेटीला हात लावू दिला जात नसे. आता खुशाल लावावा. बाळा, तुझ्यावर राग नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे नको. राग आहे. मायाही आहे, आणि ती जुनी आहे.

कलम ४. फांद्या छाटायची मोठी कात्री नऊ वर्षांपूर्वी जाऊबाई दोन दिवसांसाठी घेऊन गेल्या. ती मुळात आपलीच असे त्या चारचौघांत सांगतात. आजपासून ती खरोखरच त्यांची. गंज तेवढा काढून घ्यावा.

कलम ५. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मांजरीने माझे रोपांचे वाफे किती वेळा उकरले याची गणती सोडून दिली आहे. बाई या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले. त्यामुळे बाईंना मी फक्त माफी देते, तीही मांजरीला. मांजरीबद्दलची माझी तक्रार बाईंनी कधी खरी मानली नाही.

कलम ६. मी इस्पितळात असताना परसाची आजची स्थिती कोणाला माहीत नाही असे होऊ नये. टोमॅटोच्या रोपांना चार-चार पाने आली आहेत. ट्रेमधून आठवड्याने हलवावीत, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मिरची मागे आहे, तिला घाई करू नये. मुळा तयार आहे. झेंडू भिंतीकडेने लावून झाला. डेलियाचे कंद अजून पेटीत भुशात आहेत. जे मऊ पडले असतील ते टाकावेत, जीव गुंतवू नये.

कलम ७. या ठिकाणी महिन्यापूर्वीच्या मसुद्यात एक अट होती. सुनेने याच घरात राहावे आणि परसबाग पडू देऊ नये, नाहीतर घर मुलाकडे जावे, अशी. टोमॅटोचे बी पेरताना मी ती तिला मोठ्या कौतुकाने सांगितली. ती बराच वेळ माती दाबत राहिली. मग म्हणाली, "आई, मग घर मला नको. मी लग्न करतेय."

माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. विधुर आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसोबत राहतो, म्हणून त्याला इकडे येता येणार नाही. दोघांचे ठरून दीड वर्ष झाले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एकट्या पडाल म्हणून."

मी उठून आत गेले. दोन दिवस कामापुरतेच बोलले. पहिल्या दिवशी तिचा राग आला. दुसऱ्या दिवशी माझा आला. दीड वर्ष एका बाईने स्वतःचा संसार माझ्यासाठी अडवून ठेवला, आणि मी त्यावर कागदाने कुलूप लावायला निघाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मसुदा काढला आणि अट खोडली.

तरी कोणाला शंका राहू नये म्हणून स्पष्ट लिहिते. घर तिला विनाअट दिले आहे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, परसात फरशी घालून स्कूटर उभी करावी. मला विचारायला येऊ नये.

खोडून झाल्यावर मी तिला विचारले की लग्नाच्या नोंदणी कार्यालयात तिच्या बाजूने साक्षीदाराची सही कोण करणार. कवळ्यांच्या कारखान्यातली मैत्रीण करेल, असे ती म्हणाली.

मी म्हटले, "तिला सांग, जागा भरली."

लग्न परवा, सोमवारी अकरा वाजता आहे. माझी जरीकाठाची साडी इस्त्री करून झाली. तिथल्या कागदावर साक्षीदाराचे नाते लिहायचा एक रकाना असतो म्हणे. त्यात मी 'आई' लिहिणार आहे. कारकुनाने हरकत घेतली तर त्याने माझ्याशी बोलावे.

हा मजकूर मी दोनदा वाचला, एक वेलांटी सुधारली, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)

स्थळ: राहते घर, मागच्या दाराची पायरी
दिनांक: मार्चचा तिसरा शनिवार, सकाळी साडेनऊ