सरकती खूण

प्रिय ताई,

वर घरी तुझा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस. म्हणून पाण्याच्या टँकरवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. परवा दाजी खाली आले होते. तंबू सोडून तुम्ही घरी राहायला गेलात, आईच्या खोलीची भिंत पुन्हा उभी केलीत, तू नवे पडदे शिवलेस, सगळं सांगत होते. त्याच भिंतीखाली आई गेली आणि तिथंच आता भाची अभ्यासाला बसते. हे तुझं धाडस की हट्ट, मला कधीच कळलं नाही.

लोकांना वाटतं, भूकंप मिनिटभरात संपतो. आम्हा मोजणीवाल्यांचं काम त्यानंतर सुरू होतं. जमीन हादरायची थांबते, पण सरकायची थांबत नाही. खोलवरचे खडक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हलत राहतात. आवाज नाही, धक्का नाही. फार तर एखादं दार घासायला लागतं. स्वयंपाकघराच्या दाराला तू दोनदा रंधा मारून घेतलास म्हणे.

तुमच्या उताराची मोजणी माझी. तुमच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पायात बसवलेल्या पितळी खुणेपासून दर आठवड्याला तुमच्या ओळीतली बावीस घरं मोजायचो. फरक शून्य. टाकी खडकावर उभी आहे, ती कुठं जातेय, असं मी धरूनच चाललो. 'जमीन स्थिर' लिहून सही केली आणि पहिला फोन तंबूत तुलाच केला. तू रडलीस. मला फार बरं वाटलं होतं गं.

ताई, टाकीही सरकतेय. अख्खी टेकडीच खाली निघालीय, खूण आणि घरं बरोबरीनं, म्हणून माझ्या वहीत शून्य. नदीपलीकडच्या खुणेवरून मोजलं तर अकरा सेंटिमीटर भरले. माथ्यावर भेगही आहे.

हे कळून मला नऊ दिवस झाले. तोंडघशी पडायची भीती वाटली. परवा दाजींना सांगता आलं असतं, पण ते पडद्यांचा रंग सांगत बसले आणि मी मूग गिळून बसलो. काल ती भेग वीतभर रुंद झाली. आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी मला चौकशीसाठी इथंच बसवून ठेवलंय, आणि घरं रिकामी करायचा हुकूम निघायला उद्याची संध्याकाळ होईल. तू हुकमाची वाट बघू नकोस. लेकीला घे, दाजींना घे, शेजारच्यांची दारं वाजव आणि आत्ताच्या आत्ता खाली या. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण घराबाहेर उभी राहून दे.

तुझाच,
धाकटा