मोकळ्या जागांची साफसफाई

४ नोव्हेंबर

रोजनिशी एक तारखेला सुरू करायची होती. पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वही ताईच्या कापडाच्या गठ्ठ्यांखाली गेली. वही सापडली तर लिहिण्यासारखं काही घडेना. यात माझा दोष शून्य. आज मात्र घडलं.

ताई घरी मशीनवर भरतकाम करते. तिला एका हॉस्पिटलचं काम मिळालंय. सगळ्या स्टाफच्या एप्रनवर, खिशावर, ज्याचं त्याचं नाव. वीस तारखेला द्यायचं. वेळेत झालं तर वर्षभराचं काम तिचं, नाहीतर ते बाजारातल्या मोठ्या दुकानाकडे जाणार. नाव टाइप केलं की त्याचे टाके करून मशीनला देणारा प्रोग्रॅम भावजींनी लिहिलाय. भावजी गेल्या हिवाळ्यात भांडून दुसऱ्या शहरात राहायला गेले. कॉम्प्युटर, प्रोग्रॅम आणि स्वतःची आई इथंच ठेवून. त्यांच्या खोलीत सध्या मी असतो. चार दिवसांसाठी आलो होतो, उन्हाळ्यात.

तर त्या प्रोग्रॅममध्ये एक बग आहे. लांब नावं खिशाच्या बाहेर जातात. ताई म्हणाली, तू प्रोग्रॅमिंग शिकतोयस ना, मग तेवढं बघ. मी म्हटलं, भावजींना फोन कर की. ती म्हणाली, मेले तरी त्याला हाक मारणार नाही.

म्हणजे सगळी मदार माझ्यावर. छान वाटलं.

संकल्प : नुसता बग काढत बसायचं नाही. प्रोग्रॅम ज्या लँग्वेजमध्ये लिहिलाय तिचं नवं व्हर्जन घालायचं आणि सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा. दोन दिवसांचं काम.

५ नोव्हेंबर

सकाळी बसणार तोच खुर्चीचं चाक किरकिरलं. अशा आवाजात विचार होत नाहीत. चाक काढून तेल घातलं. दुपार झाली. खुर्ची आता डावीकडे झुकते, पण आवाज गेला.

मग लँग्वेज डाउनलोड केली. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. अभिनंदन, इन्स्टॉल झाली. कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत तिचं नाव टाइप केलं, तर कॉम्प्युटर म्हणतो असं काही मी ओळखत नाही. आत्ताच तूच घेतलीस ना घरात!

मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, दारातून बघत होत्या. त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्यासारखंच झालं की. घरात आहे, पण कामाच्या वेळी सापडत नाही.

जुन्या पिढीला टेक्निकल गोष्टी उलगडून सांगू नयेत.

६ नोव्हेंबर

पुन्हा इन्स्टॉल केली. वेगळ्या फोल्डरमध्ये, हवापालट म्हणून. ओळखत नाही.

पुन्हा केली. ओळखत नाही.

फोरमवर प्रश्न टाकला. कुणीतरी लगेच उत्तर दिलं की इन्स्टॉल करताना अगदी खाली एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिक केली का? नाहीतर लँग्वेज कुठे ठेवलीय हे कॉम्प्युटरला कळत नाही. मी उत्तर दिलं की तुमचा सूर मला आवडला नाही.

टिक केली नव्हती.

८ नोव्हेंबर

टिक केली. चालली! स्क्रीनवर माझं नाव आणलं. ताईला हाताला धरून दाखवायला आणलं. तिनं पाहिलं. म्हणाली, हे मला पेननं पण जमतं, खिशातून बाहेर जाणाऱ्या नावांचं काय? म्हटलं, पाया घालतोय ताई. इमारत लगेच दिसत नसते.

काल काही लिहिलं नाही, कारण कोड कोणत्या रंगाच्या पार्श्वभूमीवर लिहायचा ते ठरवत होतो. काळा डोळ्यांना बरा म्हणतात. हिरवा उत्साह देतो. पांढऱ्यावर ठरलं. आधी पांढराच होता.

१० नोव्हेंबर

आज शिस्तीचा दिवस. कॉम्प्युटरमध्ये माझ्या सगळ्या प्रयत्नांची मिळून लँग्वेजची गर्दी झाली होती. त्यात एक फारच जुनं व्हर्जन. कधीचं पडलेलं, अपडेट नाही, काही नाही. माझ्याच्यानं असा पसारा बघवत नाही. (खोलीतल्या कपड्यांचा प्रश्न वेगळा आहे.) जुनं काढून टाकलं. तुम्हाला नक्की काढायचं आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. म्हटलं, नक्की.

फार हलकं वाटलं. संध्याकाळी नदीवर भटकून आलो.

११ नोव्हेंबर

ताईनं सकाळी मशीन सुरू केलं आणि मला हाक मारली. तिची ती हाक मी लहानपणापासून ओळखतो.

भावजींचा प्रोग्रॅम उघडत नव्हता. नुसती काळी खिडकी आणि त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाक्य : जुनं व्हर्जन सापडत नाही, कुणीतरी साफसफाई केलेली दिसते, आता कशालाही हात न लावता मला हाक मारा.

मला ते बोलणं जरा वैयक्तिक वाटलं.

ताईनं वाक्य वाचलं. मग म्हणाली, तू साफसफाई केलीस? मी म्हटलं, प्रश्न तसा सरळ नाहीये. ती म्हणाली, भटक्या, सरळच आहे.

मी तिला शब्द दिला. चौदा तारखेपर्यंत भावजींचा प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर चालेल. कुणाला हाक मारायची गरज नाही. उलट आधीपेक्षा जोरात पळेल.

तिनं आतून एप्रनांचा गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, हा इथंच राहू दे, तुझ्या डोळ्यांसमोर.

१२ नोव्हेंबर

जुनं व्हर्जन परत घालायला गेलो. ते आता मिळत नाही, निदान मला मिळालं नाही. तीन ठिकाणी व्हायरस असल्याची सूचना आली आणि एका ठिकाणी पतंगांवरचा फारच सुंदर व्हिडिओ लागला. कागद कसा ताणायचा ते आता मला येतं.

भावजींची फाइल उघडली. नव्या व्हर्जनला जिथं तिथं कंस लागतात आणि भावजींनी एकही दिलेला नाही. एरवीही माणूस हात राखूनच. दिवसभर कंस घालत होतो. बोट दुखतंय. हे काम कुणी बघत नाही.

रोजनिशी, लक्षात ठेव : फाइलची कॉपी काढून ठेवायची आहे. जेवण झालं की पहिलं तेच.

१३ नोव्हेंबर

नवी एरर. म्हणे ओळींच्या आधीच्या मोकळ्या जागा नीट नाहीत. नीट पाहिलं तर भावजींच्या फाइलमध्ये निम्म्या ओळी डावीकडून सुरूच होत नाहीत. कुठे थोडी जागा सोडलीय, कुठे पुष्कळ. लाटेसारखं. कशाचा कशाला पत्ता नाही. लिहिताना माणूस ताईशी भांडत असणार.

सगळ्या ओळी डाव्या भिंतीला टेकवल्या. एक ओळ इकडची तिकडे नाही. मोकळ्या जागा सगळ्या काढून टाकल्या. सेव्ह केली. शाळेतल्या कवायतीसारखी दिसते आता फाइल. पहिल्यांदाच तिला काहीतरी रूप आलंय.

मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, माझ्या मुलानं जागा सोडली असेल तर काहीतरी कारण असेल. आईचं प्रेम.

१४ नोव्हेंबर

कारण होतं.

या लँग्वेजमध्ये कुठली ओळ कुणाच्या हाताखालची, हे त्या मोकळ्या जागांवरूनच ठरतं. फोरमवाल्यानं सांगितलं. आधी त्यानं विचारलं की तुम्ही खरंच सगळ्या काढल्या का. मी म्हटलं, हो. त्यानं विचारलं, कॉपी ठेवली होती का. म्हटलं, राहिली. मग त्यानं लिहिलं, धीर धरा.

एवढं महत्त्वाचं काम कुणी रिकाम्या जागेवर सोपवतं का? लँग्वेज बनवणाऱ्यांना हे सुचायला हवं होतं.

ताईला सांगितलं की तांत्रिक कारणानं एक दिवस पुढे गेलंय.

१५ नोव्हेंबर

अंदाजानं जागा परत घातल्या. जिथं ओळ एकटी वाटली तिथं थोडी, जिथं घोळका वाटला तिथं जास्त. माझी अंतःप्रेरणा चांगली आहे, हे मला फिरस्तीत अनेकांनी सांगितलंय.

आणि प्रोग्रॅम चालला! एकही एरर नाही. आनंदाच्या भरात वरचाच एप्रन मशीनला लावला, त्याच्या चिठ्ठीवरचं नाव दिलं आणि ताईला बोलवायला स्वयंपाकघरात गेलो. तिथं मावशी गाळणीची जाळी बसवत होत्या. त्यांना ते जमत नव्हतं, म्हणून मदत केली.

परत आलो तोवर मशीन नावाचं पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा भरत होतं. एकाच जागी. थांबायचं कधी, हे सांगणारी ओळ बहुतेक चुकीच्या घोळक्यात गेली असावी. खिसा पुठ्ठ्यासारखा कडक झालाय. टेबलावर ठेवला तर उभा राहतो. एप्रन मोठ्या डॉक्टरबाईंचा निघाला.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मशीनचं बटण बंद केलं, खिडकीत बसली आणि खिसा उसवायला लागली. एकेक टाका.

मी म्हटलं, ताई, लांब नावांचा बग मात्र गेलाय, नाव खिशाबाहेर नाही गेलं. ती म्हणाली, तू जरा बाहेर फिरून ये.

भटकून आलो. नेहमीसारखी मजा आली नाही.

१६ नोव्हेंबर

ताई आता नावं पेन्सिलनं खिशावर काढते आणि मशीनचं चाक हातानं फिरवून भरते. गठ्ठा कमी झाल्यासारखा दिसत नाही. मावशी दोरे ओवून देतात. मी चहा करून दिला. मावशी म्हणाल्या, हा चालला की, एरर नाही आली. हसू आलं मला, पण कुणी माझ्याबरोबर हसेना.

दुपारी ताईनं मला ते काळ्या खिडकीतलं वाक्य पुन्हा दाखवायला सांगितलं. शेवटचे शब्द तिनं हळू वाचले. मग फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. कुठलं तरी गिऱ्हाईक असावं. काचेतून अर्धवट ऐकू येत होतं. हो, सगळ्या काढल्या. नाही, एकही ठेवली नाही. अरे, खरंच सांगते, शिस्त लावली म्हणे! मग, तुझ्याकडची घेऊन ये. मग ती हसली. अशी हसताना तिला हिवाळ्यानंतर पाहिलंच नव्हतं.

गिऱ्हाईक मजेशीर दिसतंय. त्याच्याकडे कशाची तरी जादा कॉपी आहे, एवढं कळलं.

१७ नोव्हेंबर

नवा संकल्प. सगळं मुळापासून, कोऱ्या फाइलवर, पूर्ण माझा प्रोग्रॅम. वीस तारीख अजून लांब आहे. मन शांत आहे. चुकीचं बटण दाबलं जाण्यामागे हा जुना कीबोर्ड आहे, हे आता लक्षात आलंय. नवा मागवला.

मावशी भावजींच्या पलंगावरची चादर बदलून गेल्या. माझे कपडे घड्या करून बॅगेत भरून ठेवलेत. मी म्हटलं, मावशी, कशाला एवढे कष्ट? त्या म्हणाल्या, कष्ट कसले, आनंदानं केलं.

हळूहळू माणसांना आपली किंमत कळते.

१८ नोव्हेंबर, सकाळी

कोऱ्या फाइलला नाव दिलं. चांगलं नाव सुचायला वेळ लागतो.

मावशी पहाटेपासून खिडकीत. ताईनं केस विंचरलेत आणि टेबलावर चार कप काढलेत. आम्ही तिघं आहोत. मोजण्यात चूक झाली असेल, झोप झालेली नाही तिची.

आत्ताच बेल वाजली. कीबोर्ड आला. बाकीचं नंतर.

तीच सकाळ, बाथरूममधून

कीबोर्ड नव्हता. भावजी आलेत. पाठीवर सॅक, हातात पेनड्राइव्ह. ताई दारात म्हणाली, उशीर केलास. त्यांनी आधी आत डोकावून विचारलं, मोकळ्या जागा काढणारा कुठे आहे?