वाढीची गाठ

सुलतानपूर,
शनिवार, दुपार

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. हसाल! "मले वाचता येते काय वं?" म्हणाल. नाही येत, माहीत आहे. वच्छलाताईंचं पत्र सासरहून आलं की मीच तुम्हाला वाचून दाखवायची, आणि तुम्ही काज करता करता लेकीला काय लिहायचं ते सांगत जायच्या. तसंच हेही मीच वाचते, तुम्ही ऐका. आज सकाळी तुमची पत्र्याची पेटी उघडली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

पेटीवर येते. आधी दोऱ्यांचं बोलू द्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी सून होऊन तुमच्या घरी आले. ओसरीवर मशीन, सासरे गेल्यावर दोन बकऱ्या विकून तुम्ही आणलेली. मागं भिंतीला खिळे आणि खिळ्यांना दोऱ्याच दोऱ्या! तुम्हाला आकडे येत नव्हते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी. छातीची गाठ, कमरेची गाठ, आणि शेंड्याला तिच्या पहिल्या कपड्याचा तुकडा. तुकडा बघितला की दोरी कुणाची ते तुम्ही सांगायच्या, कधी चुकला नाहीत.

लहान पोरींच्या दोरीला प्रत्येक मापाला दोन गाठी असायच्या. एक आजची, एक वाढीची. मधलं कापड शिलाईच्या आत दाबून ठेवायचं, दोन बोटं, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून फ्रॉक मोठा करून देता येतो. तेही फुकट. मी विचारलं होतं, मोठ्या बायांच्या दोरीला वाढीची गाठ का नाही? "मोठं माणूस काय वाढते बाई? नुसतं जाडं होते!" दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो. आठवतं?

पण त्या दोऱ्यांचा मला राग होता. तुमच्यापाशी कधी बोलले नाही, आज बोलते. शेजारच्या पारूआजीनं मला सांगितलं होतं, त्या कशा सुरू झाल्या ते. वरच्या आळीतल्या बायांना पोलकी तुमच्या हातची हवी होती, पण अंगाला तुमचा हात नको होता. आपण बौद्ध झालो, तरी गावाच्या लेखी होतो तेच होतो. मग तुम्ही ओट्याखाली उभ्या राहून दोरी वर टाकायच्या. त्या आपसात माप धरून गाठी मारायच्या आणि दोरी खाली फेकायच्या. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती!

पुढं त्यांच्यातल्याच गिरजाकाकू एकदा तुम्हाला म्हणाल्या, "ये वर. तूच घे माप. मले नाई बसत गाठ." तो दिवस तुम्ही सणासारखा सांगायच्या. मला मात्र खाली फेकलेली दोरीच दिसायची. तुमची वर चढलेली पायरी मला का दिसली नाही हो?

मला मेहकरच्या शिवणक्लासला तुम्हीच धाडलं. तुमचा लेक कुरकुरला होता, "सून क्लासले जाईन तं चूल कोन पाहीन?" "मी पाहीन," एवढंच म्हणालात. सहा महिने चूल, निंदण, मशीन सगळं एकटीनं ओढलंत. आणि मी परत आले ती टेप, वही आणि नाकावर राग घेऊन.

दोन गिऱ्हाइकं ओसरीवर बसलेली असताना मी म्हटलं, "काढा आत्याबाई हे जाळं. दोऱ्यांचा जमाना गेला." तुम्ही उठलात. एकेक दोरी खिळ्यावरून काढून पदरात घेतलीत. त्या दिवसानंतर तुम्ही कुणाचं माप घेतलं नाही. काज, बटन, तुरपाई, एवढंच करत राहिलात. आणि मला वाटलं, बरं झालं, म्हातारीला आराम!

मी शिवायची ते अंगाला चपखल. शहरासारखं फिटिंग! आत दाबायला कापड ठेवायचीच नाही. उरलेल्या कातरणीची झबली करून बाजाराच्या दिवशी विकू, असा माझा बेत. तुम्ही दोनदा सांगितलंत, "सुमन, दोन बोटं ठेवत जाय. गिऱ्हाईक रुसलं तं परत येते, लाजलं तं नाई येत." मी म्हटलं, क्लासात असं शिकवत नाहीत. धंद्यातलं एवढं मोठं शहाणपण माझ्या घरात काज करत बसलं होतं आणि मी ते वहीत शोधत होते.

आणि मग ते दिवाळीच्या आधीचं. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. कातरण टोपलीत टाकली की दुसऱ्या दिवशी नाहीशी व्हायची. झबल्यांना तुकडा सापडेना. मी रागानं म्हटलं, "कापड कुठं जाते ते समजते मले. लेकीचं घर भरनं चालू हाय."

तुमच्या हातात सुई होती. ती तुम्ही पदराला टोचून ठेवलीत. "हायेत," म्हणालात. "जपून हायेत." बस.

त्या दिवसापासून तुम्ही मला वच्छलाताईंना पत्र लिहायला सांगितलं नाही. त्यांची पत्रं यायची, मी वाचायची, "काय लिहू?" विचारायची. "राहू दे." मार्चात ताप आला, अंथरुणावरून उठवेना, तेव्हाही विचारलं, "ताईंना कळवू?" "राहू दे, पोरीले कायले तरास." आठ दिवसांत तुम्ही गेलात. का नाही बोललात, आत्याबाई? एकदा तरी माझ्या अंगावर ओरडायचं होतं! सासू होतात ना माझी?

वच्छलाताई पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. रिकाम्या बाजेपाशी बसून त्यांनी मला विचारलं, "वहिनी, माय माह्यावर रागावली होती का? दिवाळीपासून एक पत्र नाई तिचं." मला माहीत होतं उत्तर. मी उठून पाणी आणायला गेले. पाणी आणलं, त्यांच्या हातात दिलं आणि चुलीपाशी गेले. त्या तसंच मनात घेऊन परत गेल्या.

या महिन्यात शाळा उघडल्या. माझ्या फिटिंगचे फ्रॉक पोरींना होईनात. दोघी बाया आल्या, मी म्हटलं कापडच नाही आत, वाढवू कुठून? मान खाली घालून गेल्या. परवाच्या बाजारात त्यांच्या पिशव्या लोणारच्या शिंप्यापुढं दिसल्या. कामं इतकी कमी झाली की हे म्हणाले, मशीन विकून टाकू का?

आज सकाळी गिरजाकाकू आल्या. आता काठीशिवाय चालवत नाही त्यांना, पण नातीचा फ्रॉक घेऊन पायी आल्या. फ्रॉकची बटनं लागत नव्हती. आणि माझी जीभ पाहा! म्हटलं, "काकू, तुम्हीच कापड कमी आणलं होतं." त्या चपापल्या. फ्रॉकची घडी करत हळू आवाजात म्हणाल्या, "असंल बाई. पन पेटीत कातरण पाह्य एखांद्या वक्ती. तुही सासू ठेवत होती."

पेटीत काही नाही हे दाखवायला मी पेटी उघडली.

वर तुमचं पांढरं लुगडं. खाली पुरचुंड्या, एकीला एक लागून. मी क्लासहून आल्यापासून जे जे कापलं त्याची त्याची कातरण, घडी घालून, ज्याची त्याच्या दोरीनं बांधलेली. मी उतरवायला लावलेल्या त्याच दोऱ्या! लोणारच्या शिंप्याकडं गेलेल्या त्या दोघींची होती. काकूंच्या नातीची होती, लाल छिटाची, बरोबर दोन बोटांच्या पट्ट्या निघतील एवढी. वच्छलाताईंच्या नावची एकही नव्हती.

मी ती लाल पुरचुंडी उराशी धरली. "अवं, रडून काऊन राह्यली?" म्हणत काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्या गेल्यावर बाकीच्या पुरचुंड्या काढल्या. तळाशी माझी सापडली. क्लासहून आल्यावर मिरवायला शिवलेल्या माझ्या निळ्या पोलक्याची कातरण. दोरी सोडली आणि बघतच राहिले. गावातल्या कुठल्याच मोठ्या बाईच्या दोरीला नाही, ती माझ्या दोरीला होती. वाढीची गाठ. छातीच्या गाठीपासून दोन बोटं पुढं.

कधी मारलीत ती, आत्याबाई? मी तुम्हाला चोर म्हणण्याआधी, की नंतर? आधी मारली असेल तर मी कशीबशी सहन करीन. नंतर मारली असेल तर मी काय करू, सांगा ना! दुपारभर ती दोरी मांडीवर घेऊन बसले आहे. गाठीवरून काही कळत नाही.

लाल फ्रॉक मघाशी मोठा करून ठेवलाय. दोघींची कातरण घेऊन उद्या मी त्यांच्या दारी जाणार आहे. दोऱ्या पुन्हा खिळ्यांना लावीन, टेपच्या शेजारी. यापुढं माझ्या मशीनखालून दोन बोटं आत ठेवल्याशिवाय कपडा जाणार नाही, आणि माझ्या दारातून गिऱ्हाईक मान खाली घालून जाणार नाही. हा शब्द देते.

पण हे सोपं आहे. अवघड ते आत्ता करायचं आहे. हे पत्र घडी करून तुमच्या पेटीत ठेवते आणि दुसरा कागद घेते. मी तुम्हाला काय बोलले ते सगळं त्यावर लिहिणार आहे, एक शब्द न गाळता. ताई माझं तोंड बघणार नाहीत कदाचित. न बघोत. पहिली ओळ मनात तयार आहे: "वच्छलाताई, माय तुमच्यावर रागावली नव्हती."

तुमची सून,
सुमन