चिखलात रोवलेलं वल्हं

प्रिय गौरेश,

पत्र बघून घाबरू नकोस. गुडघा सोडला तर मी बरा आहे. फोनवर माझी दोन वाक्यं होतात आणि तिसऱ्याला मी अडखळतो, म्हणून सकाळी पोदेर पाव देऊन गेला तेव्हापासून जनेल उघडून उजेडात कागद घेऊन बसलोय. चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा चुका पोटात घाल.

काल आपल्या शेजारच्या शांतारामची अश्विनी माहेरी आमोण्याला आली होती. केरीला समुद्राजवळ तिच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने देते. त्या खोल्यांची वेबसाइट तुझ्या पणजीतल्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, हे मला तिच्याकडूनच कळलं. नाताळ आठ दिवसांवर आला. बघणारे वाढले की ती साइट मध्येच बंद पडते आणि पाहुणे दुसरीकडे जातात. म्हणून सर्व्हरवर जागा आणि ताकद वाढवून द्या, अशी विनंती तिने तुमच्याकडे टाकली, त्याला पाच दिवस झाले. मी म्हटलं, अगो, कामात असेल तो. तर हसून म्हणाली, "काका, एका सेकंदात उत्तर आलं ना. तुमची विनंती मिळाली, लवकरच संपर्क करू. पाच दिवस तेच वाचतेय. द्यायचं नसेल तर तसं सांगा, मी दुसरी कंपनी बघते." चहा पिऊन गेली. मला दोष दिला नाही, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

चवथीला गणपतीसाठी आला होतास तेव्हा तू मला तुझं हे काम समजावलं होतंस. मशीनमध्ये खरंच जागा शिल्लक आहे का ते बघावं लागतं, एकाला वाढवून दिलं तर दुसऱ्याला कमी पडता नये, घाई करून चालत नाही. मला ते पटलं होतं. नदीवरही असंच होतं. पूल व्हायच्या आधी इथे तुझे आजोबा, बाबली तारी, होडी चालवायचे, मग मी. पलीकडून हाक आली म्हणून होडी लगेच सुटायचीच असं नव्हे. ओहोटीला गुडघाभर चिखल, कधी होडीत आधीच माणसं भरलेली. पण आजोबांचा एक नियम होता. तोंडात घास असला तरी उठायचं, काठावर जायचं आणि वल्हं उभं धरायचं. पलीकडच्याला कळायचं, आपली हाक पोचली. मग ओरडून सांगायचं, "भरती लागल्यार येतां," किंवा "आज जमचें ना." तो माणूस मग काजूच्या सावलीत बसायचा नाहीतर लांबच्या रस्त्याने चालू लागायचा. होडीला लागेल तेवढा वेळ लागू दे, म्हणायचे, उत्तराला लागता नये, कारण पलीकडचा त्यावर आपली वाट ठरवतो. मला तर आवाजावरून माणूस ओळखू यायचा. ही माशेलच्या बाजाराची कमलाक्षी, हा शाळेचा मास्तर. अजून कोणी लांबून हाक मारली की मी अर्धा उठतो. नदीकडे मात्र आता हाक मारणारं कोणी नाही.

आता जे लिहितोय ते तुला आजवर सांगितलेलं नाही. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा घाटावर मी एकटाच उरलो आणि मला एक युक्ती सुचली. जुनं वल्हं चिखलात उभं रोवून ठेवायचं आणि आपण मळ्यात पत्ते खेळायला जायचं. पलीकडून बघणाऱ्याला वाटायचं, तारी आहे, त्याने ऐकलंय. पंधरा दिवस मला कोणी पकडलं नाही.

मग चैत्रातल्या एका दुपारी तुझी आई माशेलहून घरी यायला निघाली. तू पोटात होतास, सातवा महिना. तिने हाक मारली, समोर वल्हं उभं दिसलं, म्हणून खाली बसली. दोन तास बसली. त्या दिवशी काजूची सावलीसुद्धा मागे सरकली असणार. मी परत आलो तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. तिला भोवळ आली आणि लोकांनी बैलगाडीत घालून माहेरी नेलं, हे मला संध्याकाळी कळलं. तू तिथेच जन्मलास. दीड वर्षाचा होईपर्यंत ती तुला घेऊन घरी आली नाही. आजारपणामुळे, असं आम्ही तुला सांगत आलो. परत आल्यावर ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वल्हं दिसलं म्हणून बसले. दिसलं नसतं तर कधीच लांबच्या वाटेने घरी पोचले असते." ती जाऊन तीन वर्षं झाली. तिने हे तुला सांगितलं नाही, म्हणजे सांगणं माझ्यावर ठेवून गेली.

काल अश्विनीने तुमची ती ओळ वाचून दाखवली आणि मला माझं वल्हं दिसलं. म्हणून हे पत्र. तुझ्या धंद्यातलं मला कळत नाही, पण तिला आज तू स्वतः कळव. देणार असशील तर कधी ते सांग, जमणार नसेल तर नाही म्हण, म्हणजे नाताळच्या आत ती आपली वाट ठरवेल. माझ्या पत्राला सवडीने उत्तर दिलंस तरी चालेल. आधी तिला दे.

तुझाच,
बाबा