रिकाम्या फाइलीला कुलूप

३ फेब्रुवारी
आजपासून घरातलं संगणक-खातं माझ्याकडे. कुणी दिलं नाही, मीच घेतलं.
गेल्या महिन्यात ताई आली आणि बाबांसाठी जुन्या व्हिडिओ गेमचं सॉफ्टवेअर बसवून गेली. आजारपणानंतर बाबांचा उजवा हात अजून धड चालत नाही, म्हणून खेळाची सगळी बटणं तिने कीबोर्डच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. तेव्हापासून चहा झाला की बाबा रणगाडे उडवत बसतात आणि घरात ताईचं कौतुक चालतं. कौतुकाचं मला काही नाही. पण थोरल्या बहिणीने भावाच्या घरी येऊन बटणं हलवावीत आणि भावाने नुसतं बघत बसावं, हे बरं दिसत नाही.
शिवाय रणगाडा अडखळत चालतो. बाबा म्हणतात, छान चालतो. त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
सगळ्या सेटिंग एकाच फाइलीत असतात. कॉन्फिग फाइल. उघडली. ओळीच ओळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. ऑफिसात माझ्या टेबलावर असला पसारा खपत नाही. नको त्या ओळी काढाव्यात म्हणून आधी सगळ्या सिलेक्ट केल्या. आधी सगळं हातात घ्यायचं, मग निवडायचं, ही माझी पद्धत. तेवढ्यात हिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की दूध उतू जातंय. गडबडीत कुठलंसं बटण दाबलं गेलं. सेव्ह तर मी सवयीनेच करतो.
फाइल आता अगदी स्वच्छ आहे.

५ फेब्रुवारी
बाबांनी खेळ लावला. दिशेची बटणं परत उजव्या टोकाला, गोळा मारायचं डाव्या. एका हाताने दोन्ही गाठता येईनात. रणगाडा उभ्याउभ्याच उडाला.
मी म्हटलं, अपडेट आलं असणार. हिने विचारलं, कसलं अपडेट? मी म्हटलं, आतलं.
रविवारपर्यंत नीट करून देतो, असा बाबांना शब्द दिला. शब्द दिला की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

७ फेब्रुवारी
नेटवर वाचलं. कॉन्फिग फाइल रिकामी झाली असेल तर ती उडवा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा, नवी फाइल आपोआप बनते. असले उपाय उतावळ्या लोकांसाठी ठीक आहेत. मी मुळाशी जाणार. फाइल रिकामी झालीच कशी? तोवर पुराव्याला कुणाचा हात लागू नये म्हणून फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रीड ओन्ली’वर टिक केली. आता तिच्यात कुणाला एक अक्षर लिहिता येणार नाही. घरात एक तरी माणूस पुढचा विचार करणारा हवा.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून बसलो. फाइलीत ओळी लिहिल्या, सेव्ह होईनात. पुन्हा लिहिल्या, पुन्हा तेच. सॉफ्टवेअर भलतंच हट्टी. ताईची निवड.
शेवटी हिने खेळाच्याच मेनूत जाऊन बटणं डावीकडे आणली. आमटीला फोडणी देऊन आली आणि जाता जाता केलं. बाबा खेळले. मी म्हटलं, हा तात्पुरता उपाय झाला.

१० फेब्रुवारी
तात्पुरताच ठरला. आज उघडलं तर बटणं पुन्हा मूळ जागी. ‘मी म्हटलं होतं’ याखेरीज मी एक शब्द बोललो नाही.

१२ फेब्रुवारी
आता रोज हिने बटणं लावून द्यायची आणि सॉफ्टवेअरने रोज विसरायची. आज हिला यायला उशीर झाला. मी घरातच होतो, पण तेव्हा प्रश्नाचा अभ्यास करत होतो. बाबा संगणकासमोर वाट बघत बसले, मग उठून खिडकीपाशी गेले. ही आल्यावर म्हणाली, चला, लावून देते. ते म्हणाले, नको.
मी कारण विचारलं. बाबा म्हणाले, “सदऱ्याची बटणं ती लावते. आता खेळाचीही तिनेच लावायची. एवढं एक माझं मी करत होतो.”
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.
उद्या निकाल लावायचाच.

१४ फेब्रुवारी
नवा कीबोर्ड आणला. दोष तिथेच असणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. प्रत्येक बटणाखाली निळा दिवा. बाबा म्हणाले, दिवे छान आहेत, आणि पेपर उघडला.

१५ फेब्रुवारी
ताईचा फोन. सगळं ऐकून तिने विचारलं, फाइल रिकामी आहे का? आणि रीड ओन्ली तर नाही ना कुणी केली? मी म्हटलं, असं कोण करेल?
फोन स्पीकरवर होता. ही उठून संगणकापाशी गेली. टिक काढली, रिकामी फाइल उडवली, सॉफ्टवेअर सुरू केलं, बटणं लावली, बंद करून पुन्हा उघडलं. बटणं जागच्या जागी. बाबा येऊन बसले आणि रणगाडा डाव्या हाताने निघाला.
हिने विचारलं, ही टिक कुणी केली होती? मी समजावून सांगितलं की अशा टिका कधीकधी अपडेटबरोबर येतात.
बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “त्या अपडेटला सांग, आता हात लावू नकोस.”

१६ फेब्रुवारी, रविवार
संगणकाला पासवर्ड बसला आहे.
सकाळी बाबांनी हाक मारली. म्हणाले, दोघांचा खेळ आहे, दुसऱ्याची जागा मोकळी आहे, बस. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला खेळायला बोलावलं. लगेच खुर्ची ओढली. बसलो. त्यांचा एक हात, माझे दोन.
दुपारपर्यंत एकही डाव जिंकलो नाही.
माझ्या बाजूच्या सेटिंगमध्ये काहीतरी गडबड असणार. फाइल उघडून एकदा बघायला हवी. हिला पासवर्ड विचारला, हसली. ताईला फोन केला, तिने ठेवला. बाबांना विचारलं. म्हणाले, विसरलो.