पेरभर टोपी

४ जानेवारी

परवाना आला! लेकीने तो ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसली, जसं काही विजेचं बिल आहे. मी हात पुसून उचलला. शिक्का, फोटो, खाली तिची सही. आता ती खाणीत बार उडवणार. बापासारखी.

मी एवढंच म्हणाले, "भाजी वाढू?"

६ जानेवारी

एकोणीस वर्षं दिव्यांच्या खिडकीवर बसते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. हे गेले त्या वर्षी मिळालेली नोकरी. आज स्फोटकांच्या कोठाराचा कारकून सगळ्यांसमोर म्हणतो कसा — "वहिनी, लेकीचे खिसे तपासून पाठवत जा हं!" दोघेतिघे हसले. मी दिवा त्याच्या हातात जरा जोरातच दिला.

हे गेले त्या अपघाताच्या चौकशीचा निकाल इथे पोराटोरांना पाठ आहे. आधीच्या पाळीने बारा बार भरले, बारा उडाले, जागा साफ. मग हे पहारीने दगड ढिले करताना तिथे फुटलं काय? तर यांच्याच खिशातून पडलेली सुरुंगाची टोपी, बार उडवायची ती नळी. नियम मोडून सुटी बाळगलेली! बारा उडाले असं सांगणारे घड्याळभाऊजी. आधीच्या पाळीचे सुरुंगवाले. ज्यांच्या येण्याजाण्यावर लोक घड्याळं लावत, त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

९ जानेवारी

वाचनालयातून खाणींच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. चौथीपर्यंतची माझी शाळा. एका पानाला अर्धा तास. पण सोडवत नाही!

आधी म्हणे काळी दारू ठासायचे आणि दारू भरलेली काडी पेटवून पळायचे. कधी लगेच उडायचं, कधी उडायचंच नाही. मग त्याहून जबर स्फोटक निघालं, तर त्याची तऱ्हाच वेगळी. काडी लावली तर नुसतं जळत बसायचं. त्याला ठिणगी नको होती, धक्का हवा होता. जोराचा, जवळून, एकदाच. तो धक्का द्यायला ही टोपी काढली — एका बाजूने बंद तांब्याची नळी, तळाशी चिमूटभर पूड. बोटाच्या पेराएवढी. तिने हाक मारली की डोंगर उठतो!

पुस्तक मिटून माझं बोट बघत बसले.

१० जानेवारी

त्या पुडीत पारा असायचा. पारा! ताप मोजायच्या नळीतला!

११ जानेवारी

लेकीला वाचून दाखवलं. जुने लोक वात नळीत सरकवून नळीचं तोंड चिमट्याने आवळायचे, आणि घाईत असले की चक्क दाताने. ती म्हणाली, "बाबा करायचे का गं असं?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, आता सगळं विजेच्या तारांवर. हात लावण्याआधी अंगातली वीज जमिनीत सोडायची. "अंगात वीज असते?" "तुझ्यात तर भरपूर आहे, आई."

१४ जानेवारी

तिची पहिली पाळी. भोंगा झाला. खिडकीशी घड्याळभाऊजी येऊन उभे राहिले. निवृत्त झाले तरी रोज येतात, बार मोजायला. एकेक बोट मिटत होते.

आवाज कानाला नंतर, आधी पायाला. मग खिडकीवरचे दिवे थरथरले, एका रांगेत. बारा! एवढा मोठा दगड, किती काळ तसाच बसलेला, आणि माझ्या पोरीने त्याला हलवलं. तिला लहानपणी बाटलीचं झाकण उघडत नसे.

भाऊजी म्हणाले, "हात चांगला आहे." डोळे मात्र दुसरीकडे.

१५ जानेवारी

कोणाला न सांगितलेलं लिहिते. हे जायच्या वर्षभर आधी कपडे धुताना यांच्या शर्टाच्या खिशात एक टोपी सापडली होती. मी विचारलं, हे काय? यांचा चेहरा पांढराफटक! काढून घेतली, म्हणाले, "परत नाही होणार." मी विश्वास ठेवला. निकाल लागला तेव्हा नाही ठेवला. लोकांशी भांडले, आणि मनात कारकुनाच्याच बाजूने उभी राहिले. एकोणीस वर्षं.

२२ जानेवारी

आज बार अकराच वाजले. मी मोजले. भाऊजींनीही. बाराव्याची वाट पाहत त्यांचं एक बोट तसंच उभं राहिलं.

लेकीने कोणाला आत सोडलं नाही. पुढच्या पाळीचा मुकादम ओरडत होता — "अगं, दोन एकदम वाजले असतील! किती वेळ खोळंबायचं?" ती म्हणाली, "मी अकरा ऐकले. अकराच लिहिणार." नियमाची वेळ भरेपर्यंत थांबली, मग स्वतः तपासायला गेली. एका भोकात टोपी जिवंत होती! बाहेर फुसका बार म्हणून लोक हसतात. खाली कोणी हसत नाही.

मुकादम नंतर तिच्यासाठी पाणी घेऊन आला. भाऊजी खिडकीशी नव्हते, कधी गेले कळलं नाही.

२३ जानेवारी

भाऊजी आले नाहीत. लोकांची घड्याळं चुकली.

२४ जानेवारी

भाऊजी दारात उभे. आत या म्हटलं तर येईनात.

"वहिनी, त्या दिवशी मी अकरा ऐकले होते. दोन एकदम वाजले असतील असं म्हटलं, आणि बारा लिहिले. त्याचा खिसा रिकामा होता."

लिहून देतो म्हणाले. घरात दुसरा कागद नव्हता. या वहीतलं पुढचं पान फाडून दिलं.